आल्डिहाइड की कीटोन?

हैदराबादेतील नल्लकुंटा म्हटले की तेथील तापाचे सरकारी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी शोधून काढणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचे नाव या संस्थेस दिलेले आहे. तापाच्या रुग्णास मधुमेहही असेल, तर एक निराळेच संकट उद्भवू शकते. आणि त्याचा माग काढताना रसायनशास्त्रातील एक जुना प्रश्न उपयोगी पडतो : समोरचा पदार्थ आल्डिहाइड आहे की कीटोन?

दोहोंच्या रेणूंत दुहेरी बंधाने जोडलेले कार्बन व ऑक्सिजन असतात. कीटोनमध्ये त्या कार्बनच्या दोन्ही बाजूंस कार्बनचेच अणू असतात. आल्डिहाइडमध्ये निदान एका बाजूस हायड्रोजन असतो. या हायड्रोजनमुळेच आल्डिहाइडचे सहज ऑक्सिडीकरण होऊन आम्ल बनते. कीटोन सौम्य ऑक्सिडीकारकास सहसा दाद देत नाही.

टोलेन्सची कसोटी याच भेदावर आधारलेली आहे. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात आल्डिहाइड घालून परीक्षानळी कोमट पाण्यात धरली की काचेवर चांदीचा आरसा चढतो. हे द्रावण मात्र ताजेच करावे. शिळ्या द्रावणात स्फोटक द्रव्य तयार होते. फेलिंग व बेनेडिक्ट यांच्या द्रावणांत मोरचूद असतो. आल्डिहाइडसह तापविल्यास त्यांचा निळा रंग जाऊन तांबडा साका बसतो.

तथापि एकाच कसोटीवर विसंबणे बरे नव्हे. बेंझाल्डिहाइड चांदीचा आरसा देते, पण फेलिंगच्या द्रावणास बधत नाही. उलट फळांतील फ्रुक्टोज ही कीटोन जातीची शर्करा असूनही तांबडा साका देते. कारण अल्कलीत तिचे रूपांतर आल्डिहाइड शर्करेत होते.

आता रुग्णाकडे वळू. ग्लुकोज ही आल्डिहाइड शर्करा. म्हणून लघवीतील ग्लुकोज बेनेडिक्टच्या द्रावणाने उघड होते. परंतु संसर्गाने इन्सुलिनची गरज वाढते. ते अपुरे पडले की शरीर चरबी जाळू लागते व ॲसिटोॲसेटिक आम्ल आणि ॲसिटोन निर्माण होतात. हे कीटोन, त्यांच्याविषयी बेनेडिक्टची कसोटी मुकीच राहते. त्यासाठी रोथेराची कसोटी आहे : लघवीत अमोनियम सल्फेट विरघळेल तितके विरघळवून, सोडियम नायट्रोप्रुसाइड मिसळून, नळीच्या कडेने अमोनिया सोडला की जांभळे कडे उमटते.

आज परीक्षानळीची जागा बहुधा कागदी पट्टीने घेतली आहे. पण तिच्यावरील कीटोनच्या चौकोनात नायट्रोप्रुसाइडच असते. तिचीही मर्यादा जाणावी. या अवस्थेत रक्तात सर्वांत अधिक वाढणारे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल ‘कीटोन पदार्थ’ म्हणून गणले जात असले, तरी रचनेने ते कीटोन नव्हे. पट्टीस ते दिसत नाही, त्यासाठी रक्तच तपासावे लागते. म्हणून मधुमेही माणसास तापात ओकाऱ्या, पोटदुखी वा धाप लागल्यास, पट्टीचा रंग फिका आहे एवढ्यावर समाधान मानून घरी थांबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.