पिसासारखे म्हणजे कसे?

वनस्पतींच्या किंवा कीटकांच्या इंग्रजी पुस्तकात ‘प्लूमोज’ हे विशेषण तुम्हांला केव्हा ना केव्हा भेटेल. लॅटिन भाषेत ‘प्लूमा’ म्हणजे पीस. तेव्हा प्लूमोज म्हणजे पिसासारखे. पण ‘पिसासारखे म्हणजे हलके’ असा अर्थ कराल तर फसाल! या शब्दाचा संबंध वजनाशी नाही, घडणीशी आहे. मधे एक कणा आणि त्याच्या बाजूंना बारीक तंतू, ही ती घडण.

रुईची ‘म्हातारी’ वाऱ्यावर तरंगते, पण तिचा प्रत्येक केस साधा, गुळगुळीत असतो. म्हणून तो प्लूमोज नव्हे. आता मैदानाच्या कडेला उगवणाऱ्या एकदांडीचे सुकलेले फूल कुस्करा. त्यातील बारीक फळाच्या माथ्यावरचा एक केस भिंगाखाली धरा. त्या केसालाच बाजूंनी आणखी बारीक केस फुटलेले दिसतील. हा झाला प्लूमोज!

या घडणीचा उपयोग काय? थोडक्या द्रव्यात हवेला अडवणारा मोठा पसारा मिळतो. हवा श्यान, म्हणजे किंचित चिकट असते. बारीक तंतूंमधील फटींतून ती सहज निसटत नाही. त्यामुळे फळ सावकाश खाली येते आणि तोवर वारा त्याला दूर नेतो. पीस तरंगत उतरते तेही हवेमुळेच. हवाच नसेल तर? २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा व ससाण्याचे पीस एकदम हातांतून सोडले. दोन्ही बरोबरच खाली पोहोचली!

हवेला अडवणारी वस्तू हवेची थरथरही टिपू शकते. नर डासाच्या डोक्यावरील मिशा, म्हणजे शृंगिका, प्लूमोज असतात. मादीचे पंख सेकंदाला शेकडो वेळा हलतात. त्या गुणगुणीने हवा थरथरते, तिच्याबरोबर नराच्या शृंगिका थरथरतात आणि त्यांच्या बुडाशी असलेल्या इंद्रियाला मादीची चाहूल लागते. मादीच्या शृंगिकांवर मात्र केस विरळ असतात, आणि रक्त शोषते ती मादीच.

तेव्हा भिंतीवर डास बसलेला दिसला, तर भिंगातून त्याच्या मिशा अवश्य पाहा. त्या झुपकेदार, पिसासारख्या असतील, तर हा डास चावणारा नव्हे, हे तुम्ही खात्रीने सांगू शकाल!