गोळी, सुई आणि सलाईन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

साध्या दुखण्याला गोळी, दुखणे वाढले तर सुई आणि फारच झाले तर सलाईन, अशी औषधाची चढती पायरी अनेकांच्या मनात पक्की असते. वैद्यकशास्त्रात अशी पायरी नाही. औषध पोटात टिकते का, परिणाम किती लवकर हवा आणि रुग्णाला गिळता येते का, यांवरून औषधाचा मार्ग प्रामुख्याने ठरतो. इन्सुलिन हे प्रथिन असल्याने गिळले तर पचून जाते. म्हणून १९२२ पासून आजतागायत ते मुख्यतः टोचूनच दिले जाते. याउलट लिनेझोलिडसारखे गंभीर जंतुसंसर्गावरचे प्रतिजैविक गोळीतूनही जवळजवळ पूर्णपणे रक्तात उतरते.

सुईचा गुण लवकर येतो, हे खरे. गिळलेली गोळी आधी विरघळते, लहान आतड्यात शोषली जाते, यकृतातून जाते आणि मग अंगभर पोहोचते. यकृतात काही औषधांचा बराच भाग नष्ट होतो. पण गोळीची मात्रा ठरवताना ही घट आधीच धरलेली असते. पॅरासिटामॉलच्या गोळीने अर्ध्या ते एक तासात ताप उतरू लागतो. सुईने तो थोडा आधी उतरेल, मात्र तापाचे कारण दोन्हींमुळे जात नाही.

‘वेदनाशामक टोचून घेतले की ॲसिडिटी होत नाही’ हा समज जास्त घातक. डायक्लोफिनॅकसारखी औषधे जठराच्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या द्रव्यांची निर्मितीच कमी करतात, आणि हे काम ती रक्तातून करतात. त्यामुळे दंडात किंवा कमरेवर सुई घेतली तरी अल्सरचा धोका उरतोच. सुईचे स्वतःचे धोके वेगळे. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरला आणि अनेकांचे प्राण गेले.

सलाईनला ‘ताकदीची बाटली’ म्हटले जाते. पाचशे मिलिलिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ एवढेच असते, ऊर्जा शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका केळ्याइतकी ऊर्जा. बाटली लावल्यावर वाटणारी तरतरी बहुधा पाण्याची कमतरता भरून निघाल्याची असते. उलट्या थांबत नसतील, रुग्ण शुद्धीवर नसेल किंवा शरीरातील पाणी धोकादायक पातळीपर्यंत घटले असेल, तर शिरेतून द्रव द्यावेच लागतात. एरवी जुलाबात मीठ-साखरेचे पाणी कमी पडत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी असे पाणी पाजण्याचा मार्ग धरला. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांखाली आले.

दम्याच्या पंपाबद्दलची भीती तर सरळ उलटी आहे. ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी सौम्य,’ असे पालक म्हणतात. सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर गोळीत साधारणपणे दोन किंवा चार मिलिग्रॅम, म्हणजे फवाऱ्याच्या वीस ते चाळीस पट. पंपाचे औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने थोडक्यात भागते. गोळीचे औषध अंगभर फिरते आणि हात थरथरणे, धडधड वाढणे हे त्रास अधिक होतात. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी लागते, एवढे पथ्य.

छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी गिळून टाकणे ही नेहमीची चूक. जिभेखालील रक्तवाहिन्यांतून औषध यकृत टाळून काही मिनिटांत पोहोचते. गिळले तर त्याचा बहुतेक भाग यकृतातच नष्ट होतो.

त्वचेवरची पट्टीही ‘वरवरचे औषध’ नव्हे. फेंटानिलसारखे तीव्र वेदनाशामक पट्टीतून रक्तात जाते, आणि पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास त्याचे प्रमाण धोकादायकरीत्या वाढू शकते.

गोळी कुटून दुधात कालवण्याआधी पाकिटावरचे नाव नीट वाचावे. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल, तर ती गोळी तासन्‌तास हळूहळू औषध सोडण्यासाठी बनवलेली असते; कुटल्यास दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरू शकते. रुग्णाला गिळता येत नसेल, तर डॉक्टरांकडून किंवा औषधविक्रेत्याकडून त्याच औषधाचे पातळ रूप मिळते का, हे विचारावे.