लेनाच्या मुखाशी उन्हाळा सरताना

तुतारी, टिलवा, चिखल्या अशा किनाऱ्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांना आपण ‘हिवाळी पाहुणे’ म्हणतो. हा शब्द मला नेहमीच थोडा फसवा वाटत आला आहे. तुतारीच्या कुळातला, बाकदार चोचीचा कर्ल्यू सँडपायपर घ्या. त्याचे प्रौढ पक्षी मुंबई-ठाण्याच्या खाडीत ऑगस्टमध्ये, पावसाळा चालू असतानाच दिसू लागतात. म्हणजे जन्मभूमी त्यांनी जुलैतच सोडलेली असते. त्या वेळी तिथे चोवीस तास उजेड असतो आणि कीटकांची रेलचेल असते. मग एवढी घाई कशासाठी? या प्रश्नाचा माग काढत मी नकाशावर सैबेरियाच्या उत्तर टोकाला, लेना नदीच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत पोचलो.

बैकल सरोवराच्या परिसरात उगम पावलेली लेना सुमारे ४,४०० किलोमीटर वाहत जाऊन लाप्तेव समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी सुमारे ३०,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याच्या आठपट, प्रदेश असंख्य फाट्यांनी आणि बेटांनी विणलेला आहे. त्याच्या मोठ्या भागाला १९८५ साली संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. इथे पाऊस आणि बर्फ दोन्ही बेताचेच पडतात, तरी जमीन पाण्याने भरलेली असते, कारण खाली शेकडो मीटर खोलीपर्यंत ती कायमची गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा अर्धा-एक मीटर थर तेवढा वितळतो आणि पाणी खाली मुरू शकत नाही.

थंडीने जमिनीला भेगा पडतात, भेगांत बर्फ साचतो आणि कडा वर उचलल्या जातात. त्यामुळे साऱ्या टुंड्रावर बहुकोनी चौकटी उमटतात. चौकटीची कड कोरडी, मधला भाग दलदलीचा. पक्ष्यांच्या दृष्टीने ही रचना फार सोयीची. घरटे कडेवर आणि डासांच्या, टिपुलामाश्यांच्या अळ्या दोन पावलांवर.

मात्र ही सोय फार थोडे दिवस टिकते. नदीवरचे बर्फ मेअखेर-जूनच्या सुरुवातीला फुटते, त्याबरोबर पूर येतो आणि सखल बेटे पाण्याखाली जातात. घरट्याची कोरडी जागा मोकळी होते ती जूनमध्ये. कर्ल्यू सँडपायपरची मादी बहुधा चार अंडी घालते आणि सुमारे वीस दिवस एकटीच उबवते. नराचा उबवण्यात काही वाटा नसतो, म्हणून तो जुलै उजाडताच दक्षिणेची वाट धरतो. पिले अंड्यातून बाहेर पडल्या दिवसापासून स्वतः टिपून खातात. आईने त्यांना ऊब आणि पहारा द्यायचा. दिवस थंड निघाला तर पिले तिच्या पंखाखालीच बसून राहतात आणि खाण्याचा वेळ बुडतो. पंख फुटू लागले की, म्हणजे जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, मादीही निघते. प्रौढांना उड्डाणाची पिसे बदलायची असतात आणि ते सावकाश चालणारे काम त्यांना दक्षिणेच्या चिखलपट्ट्यांवरच करता येते. मागे राहिलेली पिले काही आठवड्यांनी, वाट दाखवायला कोणी नसताना, एकटी उडतात. ५०-६० ग्रॅम वजनाच्या त्या जिवाला आपल्या किनाऱ्यापर्यंत सरळ रेषेतही ६,५०० किलोमीटरहून जास्त अंतर काटायचे असते.

किती पिले या प्रवासापर्यंत जगतात, हे हवामानाइतकेच एका उंदरासारख्या प्राण्यावर ठरते. लेमिंग हा तो प्राणी. टुंड्रावर त्याची संख्या साधारण तीन-चार वर्षांच्या फेऱ्यात वाढते आणि कोसळते. लेमिंग भरपूर असले की ध्रुवीय कोल्हे, हिमघुबडे आणि स्कुआ त्यांच्यावर पोट भरतात. लेमिंगची संख्या कोसळली की तेच कोल्हे घरट्यांकडे वळतात. १९७९ साली रोसेलार या डच पक्षी-अभ्यासकाने कर्ल्यू सँडपायपरच्या संख्येतल्या चढउताराचा संबंध या फेऱ्याशी जोडला. पुढे ब्रेंट हंसांच्या बाबतीतही तेच आढळले. घुबड कोल्ह्याला आपल्या घरट्याजवळ फिरकू देत नाही, म्हणून हे हंस हिमघुबडाच्या शेजाराला घरटी करतात. शिकारी पक्ष्याच्या आश्रयाला जाण्याचा हा हिशेब मला विलक्षण वाटतो.

म्हणून टुंड्रावर पाऊल न ठेवताही तिथला उन्हाळा वाचता येतो. क्लाइव्ह मिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पकडलेल्या पक्ष्यांत पहिल्या वर्षाचे पक्षी किती, याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. ही ओळख दुर्बिणीतूनही पटते. नव्या पिल्लाच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड असते, त्यामुळे पाठ खवल्यांची दिसते आणि छातीवर पिवळसर-बदामी झाक असते. प्रौढाच्या अंगावर उन्हाळी विटकरी रंगाचे ठिगळ उरलेले असते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थव्यात खवलेदार पाठी बऱ्याच दिसल्या तर टैमिरपासून चुकोटकापर्यंतच्या पट्ट्यात साल बरे गेले. नुसतेच प्रौढ असतील तर कोल्ह्यांनी डाव साधला.

अशी वाईट वर्षे पूर्वीही येत, पण पाठोपाठ चांगले वर्ष येऊन तूट भरून निघे. आता त्या फेऱ्याचीच खात्री उरलेली नाही. लेमिंग हिवाळ्यात बर्फाच्या थराखाली वाढतात. मध्येच ऊब येऊन बर्फ वितळला आणि पुन्हा गोठला की त्यांचे अन्न बर्फाच्या कवचाखाली अडकते. ईशान्य ग्रीनलंडमध्ये २००० नंतर लेमिंगचा फेरा मंदावला आणि हिमघुबडांची वीणही रोडावली. लेनाच्या पश्चिमेला, टैमिरमध्ये, बर्फ वितळण्याची वेळ तीन दशकांत वर्षाला सरासरी अर्ध्या दिवसाने अलीकडे सरकल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कीटकांचा बहर पिलांच्या आधीच येऊन जातो. तिथे वाढलेले रेड नॉट पक्षी लहान देहाचे आणि आखूड चोचीचे निघाले, आणि मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर खोल रुतलेले शिंपले त्या चोचींना पोचेनात. २०२४ साली कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर या दोघांनाही जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ ठरवण्यात आले.

टुंड्राच्या हवामानावर आपला इलाज चालत नाही. परंतु उत्तरेत पिले कमी होत असताना प्रौढांचे जगणे अधिक मोलाचे ठरते, आणि ते वर्षाचे आठ-नऊ महिने दक्षिणेच्या किनाऱ्यांवर काढतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मात्र भरतीच्या वेळी पक्षी जिथे विसावतात, त्या आसपासच्या पाणथळी भराव टाकून बुजवल्या तर ओहोटीला उघडा पडणारा चिखल शाबूत राहूनही उपयोग होत नाही. भरावाचा प्रत्येक डंपर लेनाकाठच्या एखाद्या चांगल्या सालाची कमाई वाया घालवू शकतो, हे आपल्या नियोजनाच्या कागदांत मला अजून कुठे दिसलेले नाही.