आधी इस्पितळ, मग डॉक्टर

1 जुलै 1962 ला कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातले बहुतेक डॉक्टर संपावर गेले. त्या दिवसापासून प्रांतातल्या प्रत्येक रहिवाशाचे डॉक्टरचे बिल सरकारी योजना भरणार होती, आणि तेच त्यांना नको होते. प्रांत तसा आडबाजूचा: गव्हाची शेती, नजर पोचेल तिथवर माळ, लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आसपास. टोरांटो आणि मॉन्ट्रियलच्या श्रीमंत प्रांतांनी जे केले नाही, ते या कोरडवाहू मुलखाने करून दाखवले. ही गोष्ट दोन मुख्यमंत्र्यांची आहे. त्यातल्या एकाला कॅनडा डोक्यावर घेतो. दुसऱ्याचे नाव प्रांताबाहेर फारसे कोणी घेत नाही, आणि हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले टॉमी डग्लस. जन्म 1904 चा, स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कचा. कुटुंब कॅनडात आले, आणि लहानग्या टॉमीच्या पायाच्या हाडातला जुना जंतुसंसर्ग पुन्हा उफाळला. घरी पैसा नव्हता. विनिपेगच्या इस्पितळात पाय कापायचे ठरत आले होते. तेवढ्यात एका नामवंत शल्यविशारदाने फुकट शस्त्रक्रिया करायची तयारी दाखवली. विद्यार्थ्यांना ती पाहू द्यावी एवढीच त्याची अट होती. पाय वाचला. आपला पाय हक्काने नव्हे, नशिबाने वाचला, ही गोष्ट डग्लस आयुष्यभर सांगत राहिले.

पुढे छापखान्यात उमेदवारी, मॅनिटोबा प्रांताचे मुष्टियुद्धातले विजेतेपद आणि मग बॅप्टिस्ट पाद्र्याचे काम. 1930 मध्ये ते सस्कॅचवानच्या वेबर्न गावी चर्च सांभाळायला आले आणि पाठोपाठ मंदी व दुष्काळ आला. पिके वाळून गेली, सुपीक माती वाऱ्याने उडून गेली. 1932 मध्ये शेतकरी, कामगार आणि समाजवादी मंडळींनी मिळून ‘कोऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन’ म्हणजे सीसीएफ हा पक्ष काढला; डग्लस त्यात ओढले गेले. त्यांच्या 1933 च्या प्रबंधात ‘अपात्र’ ठरवलेल्या माणसांची नसबंदी करावी अशी शिफारस होती. ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. सत्ता हाती आल्यावर त्यांनी तशा सूचना नाकारल्या, हेही नोंदवले पाहिजे.

15 जून 1944 च्या निवडणुकीत सीसीएफने 52 पैकी 47 जागा जिंकल्या. डग्लस मुख्यमंत्री झाले आणि आरोग्य खाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले. जमीन आधीच नांगरलेली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून इथल्या काही ग्रामीण पालिका जमीन महसुलातून पगार देऊन गावासाठी डॉक्टर ठेवत. 1929 पासून क्षयाचे उपचार मोफत होते. नव्या सरकारने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले वैद्यकीय इतिहासकार हेन्री सिगरिस्ट यांना पाहणीसाठी बोलावले आणि काही आठवड्यांत त्यांचा अहवाल आला. हेच सिगरिस्ट त्याच वर्षी आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीला सल्ला द्यायला हिंदुस्थानातही आले होते. त्यांच्या सल्ल्याचा सस्कॅचवानमध्ये कायदा झाला. आपल्याकडे भोर समितीचा 1946 चा अहवाल आजही प्रामुख्याने अभ्यासकच चाळतात.

1 जानेवारी 1947 ला इस्पितळ विमा सुरू झाला. माणशी वर्षाला 5 डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त 30 डॉलर. तेवढे भरले की इस्पितळातल्या खाटेचे बिल नाही. डॉक्टरच्या फीला मात्र अजून हात लावलेला नव्हता. त्यासाठी डग्लस सत्तेवर आल्यापासून पंधरा वर्षे थांबले. मला त्यांचे मोठेपण याच थांबण्यात दिसते. अर्थमंत्री क्लॅरन्स फाइन्स सोळा वर्षे शिलकी अंदाजपत्रक मांडत राहिले. कर्ज काढून कल्याण करायचे नाही, सावकाराच्या हाती सरकारची मान द्यायची नाही, असा या समाजवाद्यांचा बाणा होता. सरकारी बुटांचा कारखाना चालेना, तेव्हा त्यांनी तो बंद केला. वीज, टेलिफोन, बस आणि मोटार विमा चालले, ते ठेवले. स्विफ्ट करंट भागात 1946 पासून डॉक्टरी सेवेचीही सार्वजनिक योजना चालू होती. तिथले हिशेब आणि अडचणी वर्षानुवर्षे पाहता आल्या. 1958 मध्ये केंद्र सरकारने इस्पितळ विम्याचा जवळपास निम्मा भार उचलला, तिजोरीत जागा झाली, आणि डिसेंबर 1959 मध्ये डग्लस यांनी रेडिओवरून डॉक्टरी विम्याची घोषणा केली.

1960 ची निवडणूक याच एका प्रश्नावर झाली. डॉक्टरांच्या संघटनेने सभासदांकडून वर्गणी काढून विरोधी प्रचार केला, तरी सीसीएफ जिंकली. कायदा नोव्हेंबर 1961 मध्ये मंजूर झाला. पण त्याच महिन्यात डग्लस नव्या देशव्यापी न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचे नेतृत्व करायला निघून गेले.

आता खुर्चीवर होते वुड्रो लॉइड. मूळचे शिक्षक, एकतिसाव्या वर्षी शिक्षणमंत्री झालेले. गावोगावच्या हजारो चिमुकल्या शाळा-मंडळांना एकत्र बांधून मोठी मंडळे उभी करण्याचे किचकट काम त्यांनी केले होते. भाषणात डग्लससारखी सभा जिंकणारी फेक नव्हती. संपाच्या तेरा दिवस आधी केंद्राच्या निवडणुकीत खुद्द डग्लस प्रांताच्या राजधानीत, रेजायनामध्ये, मोठ्या फरकाने पडले. जनमत फिरले, आता माघार घ्या, असा दबाव वाढला. लॉइड यांनी तारीख बदलली नाही.

ते 23 दिवस भयंकर होते. मोजक्या इस्पितळांत फक्त तातडीची सेवा चालू होती. एका कुटुंबाचे तान्हे बाळ डॉक्टर शोधत गाडीतून फिरताना वाटेतच दगावले. ‘आमचे डॉक्टर वाचवा’ म्हणत समित्या निघाल्या. लॉइड यांच्या विरोधात नको तितके विषारी लिहिले-बोलले गेले. विरोधी पक्षनेते रॉस थॅचर यांनी विधानसभेच्या बंद दाराला लाथ मारली आणि छायाचित्रकारांनी ती टिपली. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर विमानाने आणले. योजनेच्या बाजूच्या लोकांनी सस्काटूनमध्ये स्वतःचा सहकारी दवाखाना उघडला. 11 जुलैला रेजायनात विधिमंडळासमोर विरोधकांची विराट सभा भरणार होती; जमली अपेक्षेपेक्षा फारच थोडी माणसे. तिथून संपाचा जोर ओसरला.

ब्रिटनचे लॉर्ड टेलर मध्यस्थीला आले. स्वतः डॉक्टर, तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा जवळून पाहिलेले. दोन्ही बाजूंमध्ये निरोपांची ने-आण करत त्यांनी 23 जुलैला समझोता घडवला. डॉक्टरांना पगारी नोकर व्हावे लागणार नव्हते, प्रत्येक तपासणीमागे फी मिळणार होती, योजनेबाहेर राहायची मुभाही होती. लॉइड यांनी एवढे सोडले. सर्वांना विमा आणि सार्वजनिक पैसा, हे दोन मुद्दे सोडले नाहीत.

1964 मध्ये ते निवडणूक हरले आणि थॅचर मुख्यमंत्री झाले. दाराला लाथ मारणाऱ्या माणसालाही योजना मोडता आली नाही. त्याच वर्षी सस्कॅचवानचेच न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने ती देशभर न्यावी असे सांगितले. हॉल हे समाजवादी नव्हते, कॉन्झर्व्हेटिव्ह परंपरेतले. 1966 मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि 1972 पर्यंत सारा कॅनडा योजनेत आला.

2004 मध्ये कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीने घेतलेल्या मतदानात लोकांनी डग्लस यांना देशातली सर्वश्रेष्ठ व्यक्ती म्हणून निवडले. ते मत रास्तच होते. पण डॉक्टरी विम्याचा विषय निघेल तिथे लॉइड यांचेही नाव घेतले पाहिजे, कारण कायदा मंजूर झाल्यावर त्याच्यासाठी शिव्या खाऊन तो अमलात आणणारे तेच होते.