ॲक्सलचा हिशेब

उज्जैनला देवास गेटजवळ राहणाऱ्या एका वाचकाने विचारलंय, ‘‘ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सर्वांत वेगवान गाडीच दरवेळी का जिंकत नाही?’’ शर्यत फ्रान्सची, पण उत्तर त्यांच्या घराजवळून गेलेलं आहे. देवास गेटहून बस पकडली की तासाभरात देवास. तिथून आग्रा-मुंबई रस्ता जातो. 1968 च्या डिसेंबरात लंडन-सिडनी मॅरेथॉनच्या गाड्या इंदूरमार्गे मुंबईला आल्या त्या याच रस्त्याने.

24 नोव्हेंबरला लंडनहून 98 गाड्या सुटल्या. मुंबईपर्यंत तगलेल्या गाड्या ‘चुसान’ बोटीतून ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि पर्थहून पुन्हा पळाल्या. सुमारे 16 हजार किलोमीटर कापून सिडनी गाठलं 56 गाड्यांनी. मुंबईत पहिला होता रॉजर क्लार्क. पुढे त्याच्या इंजिनाने दगा दिला, मग मागच्या ॲक्सलमधलं डिफरन्शियल गेलं. रस्त्याकडेच्या तशाच एका कॉर्टिना गाडीच्या मालकाला गळ घालून त्याने तिचं डिफरन्शियल काढून घेतलं! (बक्षीस खरं त्या मालकाला द्यायला हवं होतं.) जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी ल मां जिंकलेला ल्युसियाँ बियांकी शेवटी आघाडीवर होता, पण सिडनी दीडशेएक किलोमीटरवर असताना समोरून आलेल्या मिनीशी त्याच्या सित्रोएनची टक्कर झाली. जिंकला अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर या साध्या घरगुती गाडीत. जाहिरातींनी हंटरचं कौतुक केलं, वर्तमानपत्रांनी कोवनचं. माझ्या मते एक हार ऑगस्ट व्होलरच्या गळ्यात पडायला हवा होता.

शाळेत भेटतो तो युरियावाला फ्रिडरिश व्होलर, हा वेगळा. हा जर्मन रेल्वेचा इंजिनिअर. एकोणिसाव्या शतकात डब्यांचे ॲक्सल अचानक मोडत, तेही रोजचंच ओझं वाहताना. 1842 मध्ये व्हर्सायजवळ ॲक्सल मोडून झालेल्या अपघाताने युरोप हादरला होता. व्होलरने चालत्या गाडीत ॲक्सल किती वाकतो ते मोजलं आणि मग यंत्रावर ॲक्सल मोडेपर्यंत फिरवत ठेवले. वर्षानुवर्षं. त्याला दिसलं ते असं: एका झटक्यात जो ताण पोलाद सहज पेलतं, तोच लाखो वेळा आला की तडा जातो. हाच धातूचा थकवा. ताण थोडा वाढवला तर आयुष्य कित्येक पटींनी घटतं. ठरावीक मर्यादेखाली ठेवला तर ॲक्सल जवळजवळ मोडतच नाही. गंमत म्हणजे त्याने हे सगळं कोष्टकांत मांडलं. आज ‘व्होलर वक्र’ म्हणून शिकवतात तो आलेख इतरांनी काढला.

आता हिशेब करा. मोटारीचं चाक एका फेरीत पावणेदोन-दोन मीटर जातं. 16 हजार किलोमीटरांत 80 लाखांहून जास्त फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला मागच्या ॲक्सलच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. व्होलरच्या यंत्रावर याहून वेगळं काय होत होतं? खड्डे आणि दगड वरचे.

बसचा तुटलेला पाटा कधी हातात घेऊन बघा. तुटल्या जागेचा एक भाग गुळगुळीत असतो, त्यावर शिंपल्यासारख्या वळणदार रेघा. तो तडा हळूहळू सरकत आलेला. उरलेला भाग खडबडीत. तेवढाच त्या दिवशी तुटला. गॅरेजमध्ये खापर मात्र फुटतं शेवटच्या खड्ड्यावर.

अर्थात शर्यतीतली प्रत्येक मोडतोड थकव्याची नसते. कुठे तेल संपतं, कुठे धूळ शिरते, कुठे नुसतं नशीब. पण वेगासाठी वजन घटवलं आणि ताकद वाढवली की सगळे भाग सोसण्याच्या मर्यादेजवळ जातात. 1969 ची ल मां पाहा. पोर्शची नवी 917 सर्वांत वेगवान होती, कित्येक तास पुढेही होती. शेवटचे तीनेक तास उरले असताना क्लच-गिअरबॉक्सच्या दुखण्याने ती बसली. जिंकली फोर्डची जीटी 40, आणि तीसुद्धा आदल्या वर्षी बियांकीने जिंकलेली तीच गाडी. चोवीस तास पळून दुसऱ्या एका पोर्शला तिने मागे टाकलं ते जेमतेम 120 मीटरांनी.