चैत्रातल्या खाटा

पहाटे चार वाजता गल्लीत पहिली कडी वाजते. आज बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आमच्याकडे आहेत, म्हणून ती वाजवणारी मी. दोन दारं पुढं जायच्या आतच अंधारातून आवाज येतो, "उठेल शे व माय, येस."

ज्वारी तीन दिवस भिजत होती. रोज पाणी बदललं, मग उपसून सुती पातळावर सुकवली आणि भरड दळून आणली. अंगणात तीन दगडांची चूल मांडली आहे, कारण एवढं मोठं पातेलं गॅसवर बसत नाही. पाण्याला आधण आलं की त्यात मीठ, जिरं, तीळ आणि वाटलेली लसूण-मिरची पडते. त्यानंतरचं काम एकटीला जमत नाही. एकीनं भरड सोडत राहायची आणि दुसरीनं दोन्ही हातांनी घाटत राहायचं. हात थांबला तर गाठी होतात, आणि एकदा झालेली गाठ पुन्हा फुटत नाही. घाटणारीचे दंड भरून आले की ती काही बोलत नाही, नुसती जरा सरकते. शेजारची तिच्या हातातून घाटणं घेते. पातेल्यातलं फिरणं मात्र सुरूच राहतं.

हा घाटा गरम असतानाच थापावा लागतो. बायका गोल बसतात, प्रत्येकीपुढे ओला रुमाल आणि पाण्याची वाटी. गोळा ठेवायचा, ओल्या तळव्यानं मधून कडेकडे सरकवायचा, मग रुमालासकट उचलून खाटेवरच्या पातळावर पालथा घालायचा आणि रुमाल हलकेच सोलून घ्यायचा. तो घाईनं ओढला तर बिबडं फाटतं. जून हातांचं बिबडं सगळीकडे सारखं पातळ असतं, नव्या हातांचं मध्ये जाड राहतं आणि वाळताना तडकतं. ऊन चढायच्या आत खाटा भरल्या पाहिजेत.

मी लग्न होऊन पिंपळनेरला आले तेव्हा यातलं मला काहीच येत नव्हतं. गाव पांझरेच्या काठचं, साक्री तालुक्याच्या पश्चिमेचं. इंग्रजी अमलात तालुक्याचंच नाव पिंपळनेर होतं. बाजार मोठा, माणसं भरपूर, पण माझ्या ओळखीचं त्यात कुणी नव्हतं. खानदेशातल्या मुलीच्या मैत्रिणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर होतात. गौराई मांडायची, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. पुढं एकेकीचं लग्न होतं आणि त्या वीस गावांना पांगतात. नंतरच्या आखाजीला माहेरी भेट झाली तर झाली. सासरी मैत्रीण कशी करायची, हे कुणी शिकवत नाही. सून नुसतीच कुणाच्या ओट्यावर जाऊन बसली तर "काम नाही का?" असं विचारलं जातं. गप्पांसाठी बाहेर पडता येत नाही, पण बिबड्यांसाठी येतं. त्याला सासूही अडवत नाही, कारण उद्या तिच्याच घरी दहा हात लागणार असतात.

शेतात सावड असते तसंच हे. मजुरी नाही, मांडलेला हिशोब नाही, पण कोण कुणाकडे किती दिवस गेली हे सगळ्यांना पाठ असतं. बिबडे झाले की उडदाचे पापड, मग कुरडया आणि शेवया. फाल्गुन-चैत्राचे दोन महिने गल्ली अशी एका अंगणातून दुसऱ्यात फिरत राहते.

मला या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती बसण्याची रीत. गोल बसलेल्या असतो, पण नजर जिच्या तिच्या रुमालावर. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणूनच जे बोलता येत नाही ते बोललं जातं. एकदा एक काकू थापता थापता म्हणाल्या, "तीन महिने झाले, अंगावरून जाणं थांबत नाही." कुणी मान वर केली नाही. दोन बिबडे खाटेवर गेले. मग पलीकडून आवाज आला, "उद्या पापड दुपारी लाटू. सकाळी मी येते तुमच्यासोबत दवाखान्यात."

इथं आणखी एक गोष्ट होते. हळदीकुंकवाला विधवेला बोलावत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पण गल्लीगल्लीतली कुंकवाची वाटी अजून तिला ओलांडूनच जाते. बिबड्यांना कुंकू लागत नाही. आमच्याकडे सगळ्यात सराईत हात एका विधवा आक्कांचा आहे, आणि पीठ शिजलं की नाही हे त्यांनी सांगितल्याशिवाय पातेलं उतरत नाही. तरी आमचं वर्तुळ सगळ्यांना सामावणारं होतं असं मी म्हणणार नाही. ते गल्लीपुरतं होतं, आणि गल्ली जातीनं आखलेली. पलीकडच्या वस्तीतल्या कोकणी, भिल्ल आदिवासी बायांना आम्ही बाजारात ओळखत होतो, अंगणात बोलावत नव्हतो.

ती रेघ थोडी पुसली बचत गटानं. गट म्हणजे सरकारी योजना एवढंच मला आधी वाटायचं. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 सालचं, नाबार्डनं गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली 1992 मध्ये, 'उमेद' अभियान 2011 पासूनचं. पण बैठकीला बसले आणि रीत ओळखीची वाटली. तेच गोल बसणं, फक्त मध्ये पातेल्याऐवजी पेटी आणि नोंदवही. दोन्ही वस्त्यांतल्या मिळून बारा जणी, महिन्याला शंभर रुपये, म्हणजे बाराशे जमा. त्यातूनच अंतर्गत कर्ज. पाच हजार घेतले तर दोन टक्क्यांनी महिन्याचे शंभर व्याज, आणि ते पुन्हा गटाच्याच पेटीत. कुणाची गरज आधी, हे तोंडानं बोलून ठरतं. मुलीची फी की शेळी, यावर अर्धा तास वाद होतो. त्या अर्ध्या तासात एकीचं घर दुसरीला कळतं.

खासगी फायनान्सवालेही 'गट' हाच शब्द वापरतात. तिथं एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना भरावा लागतो, आणि वसुली होईपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवतात. आठ दिवसांपूर्वी ज्या दोघी एका खाटेला बिबडे थापत होत्या, त्या तिथं एकमेकींच्या दाराशी भांडताना मी पाहिल्या आहेत. शब्द एकच असला तरी ते आमचं काम नव्हे. आमच्या रीतीशी नातं सांगणारी गोष्ट वेगळीच आहे. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. तिथल्या सभासद एकमेकींना भगिनी म्हणतात. लाटायला एकत्र बसायची सवय हेच त्या सात जणींचं खरं भांडवल असणार, असं मला वाटतं.

गेल्या चैत्रात गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहणारी एक नवी सून आली. नवरा दिवसभर कामाला बाहेर, जवळचं कुणीच नाही. पहिल्या दिवशी ती नुसती रुमाल ओले करून देत होती. जाताना आक्कांनी तिला वाटीभर गरम घाटा दिला, वर तेलाची धार. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "माझ्याकडे याल का?" ज्वारी तिनं अर्धी पायलीच भिजवली होती. दोघींचं काम. आम्ही अकरा जणी गेलो.