घरच्या घरी नाताळ



२५ डिसेंबरला नाताळ असतो. आमच्या गावात नाताळ करणारी घरे थोडी आहेत. त्यांत एक घर आमचे आहे. वर्गातल्या मुली मला विचारतात, "तुमच्यात नाताळला काय काय इकत आणावं लागतं गं?" टीव्हीवर मोठे झाड, बर्फ आणि केक दाखवतात, म्हणून त्यांना तसे वाटते. बाई म्हणाल्या, "तूच लिहून काढ, भित्तिपत्रकात लावू." म्हणून हा लेख लिहिला आहे.

नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण आहे. येशूची आई मरिया आणि योसेफ बेथलेहेम गावी गेले होते. तिथे त्यांना उतरायला जागा मिळाली नाही. बाळ जन्मल्यावर मरियेने त्याला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत निजवले. गव्हाण म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना समजावून सांगावे लागते. आपल्याला सांगायला नको. आपली गुरे रोज तिच्यात वैरण खातात. माझी आज्जी म्हणते, "देव गोठ्यात आला. मग त्याच्यासाठी बाजारातून एवढं सामान कशाला आणायचं?" मला हे पटते.

गव्हाणीचा देखावा करायची पद्धत फार जुनी आहे. इटली देशात संत फ्रान्सिस नावाचे साधू होऊन गेले. त्यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी गवताने भरलेली गव्हाण मांडली आणि तिच्याजवळ खरा बैल व खरे गाढव आणून उभे केले. गावचे लोक मशाली घेऊन बघायला आले. २०२३ साली या गोष्टीला ८०० वर्षे पूर्ण झाली. म्हणजे बघा, तो देखावासुद्धा गावातल्याच वस्तूंचा होता.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ख्रिस्ती लोक शहरात आहेत तसे खेड्यांतही आहेत. इथला कॅथोलिक लोकांचा धर्मप्रांत १९७७ साली झाला. तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते, म्हणून त्याला औरंगाबाद धर्मप्रांत म्हणतात. खेड्यातल्या नाताळाला जे लागते ते शेतात आणि घरातच मिळते. आम्ही काय काय करतो ते आता सांगते.

गव्हाणी : आपण पोळ्याला मातीचे बैल करतो ना, तीच माती घ्यायची. नुसत्या काळ्या मातीला वाळताना भेगा पडतात. म्हणून तिच्यात थोडा गव्हाचा भुसा मिसळून चांगली मळायची. तिची मरिया, योसेफ, बाळ आणि मेंढरे करायची. ती उन्हात न ठेवता सावलीत वाळवायची. पोळ्याचे बैल जपून ठेवले असले तर तेच गव्हाणीजवळ बसवायचे. छप्पर ज्वारीच्या कडब्याचे करायचे.

बर्फ : बर्फाची सजावट थंड देशांतून आली आहे. आपल्याकडे बर्फ नाही, पण कापूस आहे! डिसेंबरात वेचणी चालू असते. मूठभर कापूस पिंजून छपरावर टाकला की झाला बर्फ. सण झाल्यावर आज्जी तो उशीत भरते.

तारा : येशूच्या जन्माच्या वेळी पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना तारा दिसला होता, म्हणून दारात तारा लावतात. त्याला सारख्या लांबीच्या १० सरळ तुराट्या लागतात. पाच-पाच तुराट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या. एकीवर एक ठेवून पाचही टोके सुतळीने घट्ट बांधायची. मग मधे जिथे काड्या एकमेकींवरून जातात तिथे, दोन्ही चांदण्यांच्या मधोमध, चार बोटे लांबीचे ५ तुकडे उभे बसवायचे. त्याने तारा फुगतो. वरून पतंगी कागद चिकटवायचा. चिकटवायला कणकेची खळ चालते. आत पणती ठेवू नये, कागद पेटतो. एलईडीचा छोटा दिवा लावावा. तो फार तापत नाही आणि वीजही कमी लागते. तो मोठ्या माणसांकडूनच लावून घ्यावा.

झाड : आम्ही झाड तोडत नाही. अंगणात लिंबाचे झाड आहे, तेच सजवतो. जुन्या लग्नपत्रिका लाल-पिवळ्या असतात. त्यांच्या चांदण्या कापायच्या. ज्वारीच्या लाह्या दोऱ्यात ओवून माळा करायच्या. दोन दिवसांत चिमण्या माळा खाऊन टाकतात. मग दोरे तेवढे आठवणीने काढून घ्यायचे, नाहीतर पाखरांचे पाय गुंततात.

फराळ : करंज्या, शंकरपाळे आणि चिवडा. दिवाळीत तुम्ही आम्हाला ताट देता, नाताळात आम्ही तुम्हाला देतो. जेवायला पळसाच्या पत्रावळी. त्या नंतर उकिरड्यावर टाकल्या की त्यांचे खत होते.

गाणी : रात्री टाळ, ढोलकी आणि पेटीवर भजने म्हणतात. मराठीत ही चाल नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून गोव्याला आले आणि मराठी शिकले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. ते ओव्यांत आहे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी (१८६१ ते १९१९) ख्रिस्ती भजने लिहिली. ती अजून म्हणतात. त्याला मोठा भोंगा लागत नाही.

आता कुणी म्हणेल, तयार सामान आणलं तर काय बिघडलं? त्याचे कारण सांगते. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका गाईने खाणे सोडले. ती रवंथ करीना. पोट फुगले होते. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडले, तर आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा निघाला. त्यात चमकणाऱ्या पट्ट्यासुद्धा होत्या. सजावटीला लावतात ना, तसल्या. त्या गणपतीच्या होत्या, लग्नाच्या होत्या, वाढदिवसाच्या होत्या की नाताळाच्या, ते कुणालाच सांगता आले नाही. गाय वाचली, पण तिचे दूध आटले. त्या घरचा चहा तेव्हापासून काळाच होता.

डॉक्टरांनी आम्हा मुलांना समजावून सांगितले. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. गाय चारा भराभर गिळते. तो पहिल्या मोठ्या कप्प्यात साठतो. मग ती निवांत बसून रवंथ करते. प्लॅस्टिक तिथे पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. ते साठत जाते. मग चाऱ्याला जागा राहत नाही. थर्माकोलही कुजत नाही. त्याचे दाणे वाऱ्याने उडतात आणि कोंबड्या ते धान्य समजून टिपतात. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी नियम काढून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली आहे.

ज्या सणात बाळाला गाई-गुरांच्या गव्हाणीत जागा मिळाली, त्या सणाच्या कचऱ्याने गाय मरता कामा नये. मला एवढेच सांगायचे आहे. आणि हे काही एकट्या नाताळाचे नाही. पोळ्याला आणि दिवाळीलाही हेच लागू आहे.

सण संपला की आमच्या घरचे सामान असे जाते : छपराचा कडबा गाईला. मातीची चित्रे फुटली तर शेतात. कापूस उशीत. लग्नपत्रिकांच्या चांदण्या वहीत. तारा माळ्यावर, पुढच्या वर्षीसाठी. यंदा आम्ही फक्त पतंगी कागद आणि सुतळी विकत आणली.

ज्यांना तारा शिकायचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत १० तुराट्या घेऊन माझ्याकडे यावे. फराळाला २५ तारखेला सगळ्यांनी घरी यावे. आईने सांगितले आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी